बेचाळीस घरांची न्याहारी

३ नोव्हेंबर
परवा नांदेडहून हेल्थवाल्या दोन पोरी शाळेत आल्या होत्या. म्हणाल्या, अंगात रक्त कमी तर मार्कही कमी. एवढं कळायला कॉलेज कशाला? रेल्वेत गँगमन होतो, चौथी शिकलो, पण वाचन दांडगं. आपणही रिसर्च करायचा. गावातली बेचाळीस घरं. नातीच्या, लुंबिनीच्याही कामी येईल. महिन्यानं तिची शिष्यवृत्तीची परीक्षा. आठवीत एकदाच देता येते. लागली तर बारावीपर्यंत घोर नाही.

५ नोव्हेंबर
फॉर्म तयार. सकाळी काय खाल्लं, गणितात किती. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून लुंबिनी शाळेआधी फेअर करते. त्यात भाकरी राहून जाते, पण दुपारी शाळेत खिचडी असतेच.

८ नोव्हेंबर
रोज दहा घरं ठरवलेली. तीन झाली. गुडघे. साखराबाईनं विचारलं, लिंबाजी भाऊ, सर्वे कशाचा हो? उत्तर ऐकायच्या आधीच आत ओरडली, पुनम, ताट झाक गं! मग मला म्हणाली, लिहा, लेकरू उपाशीच जातंय. पुनम तोंड पुसत बाहेर आली. लिहिलं, उपाशी. रिसर्चवाल्यानं मधे बोलू नये.

१४ नोव्हेंबर
उपाश्यांची नावं योजनेत लागणार, अशी आवई उठली. दगडोबा भजं चावत म्हणाला, चार दिस झाले, चूल न्हाई पेटली. लिहून घेतलं.

२२ नोव्हेंबर
बेचाळीस पूर्ण. सगळी उपाशी, आणि पहिले पाच नंबर त्यांच्यातच! म्हणजे उपाशीपोटी गणित येतं. नांदेडला कळवावं का? सून पंचशीला कामावर निघता निघता म्हणाली, मामा, पोरीला सकाळचं दोन घास खाऊ द्या की. उद्यापासून देतो म्हटलं.

२७ नोव्हेंबर
आणखी एक फेअर कॉपी लागेल. लुंबिनी म्हणते, आजोबा, गरगरून राहिलंय. म्हटलं, अभ्यासानं होतं तसं.

१ डिसेंबर, रविवार
मुदखेडला परीक्षा. गाडी चुकेल म्हणून घाईनं निघालो. अर्ध्या पेपरात लुंबिनी बाकावरून खाली. दवाखान्यात सलाईन. रक्त आठवर आलंय. नर्सबाईनं विचारलं, आजोबा, पोरगी सकाळी काय खाऊन निघती? बेचाळीस घरांचं तोंडपाठ होतं. आमचं घर त्यात धरलंच नव्हतं.

लुंबिनीनंच डोळे मिटून सांगितलं, चहा. मग म्हणाली, त्यांना बोलू नका सिस्टर, लई दमलेत.