भिलाईच्या महालक्ष्म्या

॥ श्री ॥

महाल, नागपूर
ता. २० ऑगस्ट १९६२

चि. सौ. कांता हिस अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक. महालक्ष्म्या जवळ आल्या. दरवर्षीसारखी ये, पण एक गोष्ट लिहायला हात धजत नाही. वैशाखात तुझं बाळ जन्मताच गेलं, म्हणून यंदा तू गौरींना आणि त्यांच्या बाळांना शिवू नयेस, असं सासूबाई म्हणतात. तू माजघरात बसायचं आणि लांबून नमस्कार करायचा. मी बोलून पाहिलं, पण त्यांच्यापुढे माझी डाळ शिजत नाही. राग मानू नकोस आणि माझ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझी जाऊ,
रत्नमाला

॥ श्री ॥

सेक्टर १०, भिलाई
ता. ११ सप्टेंबर १९६२

ती. सौ. जाऊबाईंस कृ. सा. न. वि. वि.

उत्तराला मुद्दाम उशीर केला. आधी कळवलं असतं तर सासूबाईंची तार आली असती. महालक्ष्म्या मी इथेच, क्वार्टरमध्ये बसवल्या.

गौरी थोरल्या घरीच बसतात, हे मला ठाऊक आहे. पण लांबून नमस्कार करायला मी नागपूरला येणार नव्हते. माझं बाळ गेलं, मी गुन्हा केलेला नाही. हेसुद्धा आधी कचरले. समोरच्या रुक्माबाई मात्र म्हणाल्या, की गौर का सासूले पुसून येते?

पिठाचे डबे एकावर एक रचून त्यांना लुगडी नेसवली. मुखवटे कणकेचे केले. धाकटीचं नाक थोरल्या भावजींसारखं बसकं झालं, ते तसंच ठेवलं. सोळा भाज्या एकटीला जमेनात, तेव्हा बंगाली आणि तेलुगू शेजारणींनी आपापल्या घरून आणल्या. जवळच्या रिसाली गावच्या ठकूबाई लाल भाजी, म्हणजे आपला लाल माठ, घेऊन आल्या. हे प्लँटमधून आले ते थेट पुरण वाटायला बसले.

गौरींपुढे बाळं मांडली आणि त्यांना आमच्या बाळासाठी शिवलेली झबली घातली. ती ठेवलेली ट्रंक इतके दिवस मला उघडवत नव्हती. बंद बांधताना मी सगळ्यांसमोर रडले, अगदी पोटभर. मग पंगतीत बसून दोनदा पुरणपोळी मागून घेतली. डॉक्टरांच्या टॉनिकांनी जे झालं नाही ते झालं, जाऊबाई, मला भूक लागली. विटाळ म्हणायचं तर म्हणा. पुढच्या वर्षीही मी बसवणार आहे.

रागावलात तरी लोभ असू द्यावा.

आपली,
कांता

॥ श्री ॥

महाल, नागपूर
ता. १६ सप्टेंबर १९६२

चि. सौ. कांता हिस अ. उ. आ.

तुझं पत्र मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. एक ओळ गाळली नाही, नाकाचीसुद्धा. त्या उठून देवघरात गेल्या. आता कडाक्याचं भांडण होणार म्हणून मी पदर खोचून उभी राहिले. या खेपेला मी मागे हटणार नव्हते. तेव्हा मामंजींनी हळूच सांगितलं, की सासूबाईंचंही पहिलं मूल पाळण्यातच गेलं होतं, आणि त्या वर्षी त्यांनाही कोणी गौरींना हात लावू दिला नव्हता.

बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या. झबली कोणत्या रंगाची होती, एवढंच त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. उलट टपाली कळव, त्या वाट पाहत आहेत.

माया आहेच, ती वाढो.

तुझी,
रत्नमाला