घडीवर न झडणारी पूड

वकिलीणबाईंच्या टायपिस्टने आमच्या काउंटरवर झेरॉक्सवरून अंगठा फिरवला आणि करारनाम्यातली अर्धी ओळ तिच्या बोटाला लागून आली, त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. "तुमच्याकडची अक्षरं पाहुणी असतात का? आली तशी जातात," ती म्हणाली. मी महिन्याभरात कॉलेज सोडलं आणि टोनरच्या, म्हणजे झेरॉक्सच्या कोरड्या शाईच्या पुडीमागे लागलो.

तर मी, झेरॉक्सवाल्याचा धाकटा भाऊ, ज्याला गल्ली 'बारूद' म्हणते, वय चोवीस, डोकं ठिकाणावर (वहिनीचं मत वेगळं आहे), कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. उद्या डॉक्टर माझ्या यकृताचा तुकडा काढून दादाला लावणार आहेत. धोका थोडा आहे म्हणतात. थोडा म्हणजे किती, विचारलं की छताकडे बघतात.

कलम १. दुकानातला माझा वाटा दादाचा. कॉलेज सोडून, सगळ्यांशी भांडून मी त्याच्या दारात उभा राहिलो, तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "जेवलास का?" आणि मागची खोली रिकामी करून दिली. यकृत देतोय म्हणून लोक मला शाबासकी देतात. हिशोब त्यांना माहीत नाही.

कलम २. दळायचं यंत्र आणि चाळण्या वहिनीच्या. मी पुडीने माखलेला शर्ट तिच्या पांढऱ्या चादरींसोबत गरम पाण्यात टाकला होता. ही पूड म्हणजे मुळात काळं प्लास्टिक. ऊब लागली की चिकटते. चादरी जन्माच्या काळ्या झाल्या. वहिनी म्हणाली, "भावजी, छपाई छान आलीय, फक्त कागद चुकला." त्या खेपेत पुडीत मेण जास्त पडलं होतं, म्हणून ती कमी उष्णतेतही वितळली. जुन्या मशीनच्या नीट न तापणाऱ्या रोलरवरही कागदात मुरेल अशी पूड मला तिच्या बादलीत सापडली.

कलम ३. तीच पूड उन्हाळ्यात बाटलीतल्या बाटलीत दगड झाली. पलीकडच्या कार्ट्रिजवाल्या शेठने गल्लीभर सांगितलं, "बारूदने वीटभट्टी काढली." तो दगड शेठना द्यावा, कागदांवर ठेवायला. त्या टोमण्याने झोप उडाली म्हणून मी कणांवर सिलिकाचा, म्हणजे वाळूच्या अतिबारीक भुकटीचा थर देऊन पाहिला आणि ते एकमेकांना चिकटायचे थांबले. शेठचे उपकार आहेत. थोडा रागही आहे, तो मी सोबत नेतो.

कलम ४. पुडीची कृती दादाची. आता कागदाची घडी घाला, चोळा, अक्षर झडत नाही.

इथवर लिहून मी टायपिस्टला साक्षीदार म्हणून सहीला बोलावलं. तिने उभ्यानेच सगळं वाचलं.

"यात मी फक्त पहिल्या ओळीत आहे."

"तुला द्यायला माझ्याकडे आहे काय? आणि तू नको म्हणालीस तर वर गेल्यावरही माझी शोभा."

"ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, एवढं कळतं ना?"

"कळतं. म्हणूनच तुला काही ठेवलं नाही. सही करता यावी म्हणून."

तिने पेनला टोपण लावलं. "मग दुसरा साक्षीदार शोध. मी सही करणार नाही."

"का?"

"अरे बारूद, ऑफिसात दोन मशीनं असताना मी रोज रस्ता ओलांडून तुझ्याकडे कशाला येते?"

मी तिच्या हातातलं पेन परत घेतलं. वहिनी आतून म्हणाली, "भावजी, लिहा लवकर, तिचा विचार बदलेल."

कलम ५. कलम ४ बदलून, कृती निम्मी दादाची, निम्मी टायपिस्टची. मेणाचं प्रमाण तिला सांगितलं आहे, सिलिकाचं दादाला. पूड करायची तर दोघांना एकत्र बसावं लागेल. मी दवाखान्यातून धडधाकट परत आलो तरी हे कलम रद्द समजू नये.

साक्षीदार: शेजारचे बुकबाइंडर काका. समोरचा चष्मेवाला. दोघांनाही यातून काही मिळत नाही. चष्मेवाल्याने तशी तक्रार केली आहे.

सही: बारूद
ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी

दादा दवाखान्यात वाट बघतोय. ती बाहेर माझी पिशवी धरून उभी आहे. पेन ठेवतो, निघतो आणि दार ओढून घेतो.