जोवेलिन बोटीत बसणार नाही

ती. मनांग पुरिंग,

थोरली बहीण म्हणून तुझा हात मनातल्या मनात माझ्या कपाळाला लावून नमस्कार करते. (मध्ये समुद्र आहे, हे एका परीनं बरंच.) गुडघा कसा आहे? तेल चोळतेस ना? इकडे आम्ही सगळे खुशाल. डुकरीण व्यायली, आंब्याला मोहोर आलाय आणि तुझं पत्रही पोचलं. जोवेलिन स्पेलिंगच्या परीक्षेत नापास झाली, तर पुढच्या महिन्यात येऊन तिला शिस्त लावायला तुझ्याकडे इलोइलोला घेऊन जाणार म्हणतेस. ये की! पण नात माझी आहे, तिची लोला मी आहे, आणि ती बोटीत पाऊल ठेवणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तू मोठी हेडमास्तरीण, चाळीस वर्षं शाळा चालवलीस, मान्य. तुझ्याच सांगण्यावरून पोरीला वीस शब्द पन्नास-पन्नास वेळा लिहायला बसवलं. तिला अक्षरं नाचताना दिसतात गं, उजवीकडचं पोट डावीकडे जातं, b चा d होतो, ती तरी काय करणार? तिनं वही तांदळाच्या पिंपात पुरली. मला सापडली, तेव्हा मी पानं फाडून त्यात सुकट बांधली आणि शेजारच्या तेसिंगला देऊन टाकली. हो, मीच. लाव काय बोल लावायचा तो.

आता बिंगोचं. दुपारी तीनला धुणं वाळत पडलं की आमच्या बायका बिंगोला बसतात, हे तुला माहीत आहे (आणि पसंत नाही, हे मला माहीत आहे). आकडे ओरडायला जोवेलिनच असते, तिथे कशी ती अडखळत नाही! म्हटलं, आकडे गेले चुलीत. बाटल्यांच्या झाकणांवर अक्षरं रंगवली, उजव्या पोटाचं तांबडं, डाव्या पोटाचं निळं. पुठ्ठ्यांवर शाळेतले शब्द लिहिले. झाकण काढून अक्षर ओरडायचं जोवेलिननं, पुरा झालेला शब्द तपासायचाही तिनंच, आणि जिंकणारीला साखरेत तळलेलं केळं. तिसऱ्याच दिवशी तेसिंग "बिंगो!" म्हणून किंचाळली, तर आमची बया कमरेवर हात ठेवून म्हणते, "तेसिंगमावशी, मधलं अक्षर कुठाय? केळं ठेव खाली." केळं तोवर अर्धं पोटात! मग जी काय जुंपली! गलका ऐकून वस्तीचा कारभार बघणारा कप्तान धावत आला, जुगार बंद करा म्हणाला. मी म्हटलं, "जुगार असेल तुझ्या घरी. ही शाळा आहे. बस खाली, पुठ्ठा घे." बसला बापडा. चार डाव हरला, पाचव्याला रुसला, आणि आता रोज पावणेतीनलाच येऊन जागा धरतो.

शुक्रवारी परीक्षा झाली. वीसपैकी अकरा. पास व्हायला बारा लागतात, म्हणून बाईंनी नापास लिहिलं. लिहू देत! मागच्या खेपेला कोरा कागद देऊन बाकाखाली रडत बसलेली पोर या खेपेला धावत घरी आली, "लोला, एकच कमी पडला!" म्हणून ओरडत. मला रडूच आलं, मनांग. मलाही लहानपणी असंच व्हायचं, आणि तू मला भर वर्गात खुर्चीवर उभी केली होतीस. ते मी विसरलेली नाही. तिला कुणी उभी करणार नाही, तूसुद्धा नाही.

तुझी धाकटी आणि हट्टी,
मिन्यांग

ता. क. तरी येतेसच, तर पिशवीभर झाकणं आण. निळी कमी पडताहेत. (कप्तानाच्या खिशावर माझा संशय आहे.) पुठ्ठा तुझ्यासाठी काढून ठेवलाय.

आणखी एक. पाकिटावरचा पत्ता मी लिहिलेला नाही. तुझं पुरिफिकासियोन हे नाव, इंग्रजी लिपीत मोजून बारा अक्षरं, परीक्षेतल्या कुठल्याही शब्दापेक्षा लांब आहे. जोवेलिननं ते आधी झाकणांनी जुळवलं, मग एकटीनं लिहिलं. पाकीट टाकून देऊ नकोस, नीट बघ. पोस्टमनला वाचता आलं, म्हणून तर पत्र तुझ्या हातात आहे. तो बारावा शब्द.