रात्री बंद होणारं फाटक

शाल्मली,

तुझ्या बेलफास्टमध्ये आलेय. आमच्या पिनरमधल्या मराठी बायकांची ट्रिप आहे, उगाच हुरळू नकोस. टॅक्सीवाला भिंत दाखवत होता. घरांपेक्षा उंच, वर तारा, कॅमेरे. अलीकडे कॅथलिक, पलीकडे प्रोटेस्टंट, आणि मधलं लोखंडी फाटक अजूनही रात्री बंद होतं. मी सुप्रभामावशीला म्हटलं, "विचार गं त्याला, मुलगी पलीकडे दिली असेल तर आई काय करते?"

तो म्हणाला, "माझी आई लांबून वळसा घालून जायची. ताईशी भांडायची, पण जायची."

इथे येणारे सगळेच लिहितात म्हणून बायका भिंतीवर नावं लिहायला उतरल्या. मी गाडीतच बसून हे लिहितेय. तुझ्या लग्नाला मी आले नाही. सातवा लागल्याचंसुद्धा मावशीकडून कळलं. पिशवीत नारळ, खण, तांदूळ घरूनच आणलेत. पहिली ओटी आईनंच भरायची, दुसऱ्या कुणी भरलेली मला चालणार नाही.

टॅक्सीवाल्याला तुझा पत्ता दिलाय. आता हे पत्र कशाला टाकू? दार मात्र तू उघड. कॉनर आला तर जावयाशी इंग्लिशमध्ये काय बोलायचं, ते मला सुचायचं नाही.

तुझी आई