हव म्हणायचं नाही

डॉक्टरसाहेब, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज कसा होता ते मला नेमकं सांगता येत नाही, आणि जे नेमकं येत नाही ते मी सहसा सांगत नाही. शब्द मात्र सगळे आठवतात. ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहितो आहे. आत माझी बायको आहे. खळ्यावर धान चुरताना तिच्या डोळ्यात कुसळ गेलं. तिने कसल्या तरी पाल्याचा रस पिळला आणि मला सांगितलं नाही. डोळा सडला. तो आज काढायचा, नाहीतर दुसराही जाईल. नवे डॉक्टर तरुण आहेत, हात चांगला आहे. मला काही वाटत नाही. सकाळी दाढी करतानासुद्धा कुठे कापलं नाही.

तुम्ही पुण्याहून नवे आलात तेव्हा इथल्या माणसांचं "हव" तुम्हाला फार गोड वाटायचं. काहीही विचारा, हव, म्हणजे हो. मग तो चिचगडकडचा म्हातारा आला, अंतर्गळ घेऊन. निजल्यावर फुगवटा आत जातो, वरून काही दिसत नाही. तुम्ही विचारलंत, "उजवीकडे ना, बाबा?" तो म्हणाला, "हव." मी हत्यारं उकळत होतो, माझी पाठ तुमच्याकडे. तुम्ही उजवीकडे चिरलंत. आत काही नव्हतं. मग डावीकडे चिरावं लागलं. तो शुद्धीवर आला तेव्हा तुम्ही त्याच्या खाटेशी स्टूल ओढून बसलात आणि झालं ते स्वतःच्या तोंडाने सांगितलंत. तो तुमचीच समजूत घालतो आहे: "मले मालूम होतं जी, डाव्या अंगाले हाय. पन साहेब उजवा म्हनते तं मी नाही कसा म्हनू?" आणि टाके धरून हसतो. "जाऊ द्या जी. आता दोन्ही बाजू पक्क्या झाल्या." तुम्ही हसला नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून तुमचा नियम. ज्याचं उत्तर हव येईल असा प्रश्न या खोलीत विचारायचा नाही. रोग्याने शुद्धीत असताना आपल्या हाताने जागा दाखवायची. मग क्लोरोफॉर्म देणाऱ्याने, नर्सबाईने, मी आणि शेवटी तुम्ही, प्रत्येकाने आपल्या तोंडाने सांगायचं, काय कापायचं आणि कोणत्या अंगाला. टाके घालण्याआधी रक्त टिपायच्या कापडाच्या घड्या मोठ्याने मोजायच्या. मी बाटल्यांवरची अक्षरं लावत इंग्रजी शिकलेला माणूस. कॉलेज पाहिलं नाही, पण तुमच्या कपाटातली शरीराची पुस्तकं एकेक करून वाचून काढली होती. शाळकरी पोरासारखं म्हणून दाखवायचं, हे मला झोंबलं. "साहेब, मला ठाऊक आहे," मी म्हणालो. तुम्ही हात धूत होतात, वळलाही नाहीत. "तुला ठाऊक असून मला काय उपयोग? मला ऐकू आलं पाहिजे." सगळ्यांसमोर. पुढे बरेच दिवस मी तुमच्याशी कामापुरतं बोललो, पण टेबलाशी मोठ्याने बोललो. तुम्ही तापात गेलात, त्यानंतर आलेल्यांपैकी काहींनी याला नाटक म्हटलं. एक साहेब म्हणाले, "मला विचारणारा तू कोण?" मी म्हणालो, "विचारणारा." त्यांची बदली झाली. मी इथेच आहे.

आज टेबलाशी माझी जागा दुसऱ्याला दिली. नवरा आत उभा नको, असं डॉक्टर म्हणाले, बरोबरच म्हणाले. तरी तिला निजवेपर्यंत मी तिथे होतो. डॉक्टरांनी नियमाप्रमाणे विचारलं, "बाई, कोणता डोळा?" ती म्हणते, "जो सडून राहिला तो. कायले पुसता, दिसत नाही का तुमाले?" नर्सबाई हसली. "बोट लावून दाखवा, बाई." तिने डाव्या पापणीवर बोट टेकवलं. क्लोरोफॉर्म देणारा इथलाच, हिंदी बोलणारा: "बाईं आँख, साहब." ती फणकारली, "बाईची नाही तं काय बुवाची?" मग सगळ्यांनी डावा, डावा म्हटलं. माझी पाळी नव्हती, तरी ओठ हलले असावेत, कारण ती मला म्हणाली, "तुमी बाहीर बसा बरं. असं तोंड करून उभे नोका राहू." माझं तोंड कसं झालं होतं, मला माहीत नाही.

दार लागलं. आतून घड्या मोजल्याचं ऐकू आलं, एकदा, मग पुन्हा. दोन्ही वेळा आकडा जुळला. मघाशी नर्सबाई बाहेर येऊन म्हणाली, "झालं. उजवा चांगला आहे. शुद्धीवर येताहेत, तुम्हाला विचारताहेत." मी म्हणालो, येतो. ती पुन्हा येऊन गेली, तेव्हाही म्हणालो, येतो.

तुमची आठवण आली म्हणून हे लिहायला घेतलं नाही, साहेब. हातात लेखणी असली की उठावं लागत नाही, एवढंच. आत पट्टीखाली आता एक रिकामी खाच आहे आणि ती मला पाहवणार नाही. हे कुणाला ऐकू जायला नको. कागद फाडतो आणि उठतो.