गौरांगच्या खोलीची व्यवस्था

मी, सुकन्या विष्णू खांबेटे, वय एकोणसत्तर, राहणार न्युरेम्बर्ग, हे माझ्या हाताने, माझ्या भाषेत आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण हे वाचल्यावर जावई पहिल्यांदा तेच विचारतील. इथल्या कायद्याला स्वतःचे हस्ताक्षर पुरते, साक्षीदार लागत नाहीत. तरी मी दोन घेतले आहेत. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. माझे दिवंगत पती विष्णू यांची मोजमापाची हत्यारे नात वल्लरीला द्यावीत. मराठीत विचारले की ती जर्मनमध्ये उत्तर देते, पण खरे तेच देते.

२. दागिने आणि बँकेतील शिल्लक मुलगी देवश्रीला. यात तिच्या नवऱ्याचे, हृषिकेशचे, नाव कोठेही जोडू नये.

३. माझा मुलगा गौरांग जर्मन लष्करात पूल उभारणाऱ्या तुकडीत होता. जिथे तो गेला, तिथे नदीच्या दोन काठांवरचे दोन पंथ अनेक वर्षे एकमेकांना मारत होते आणि मध्ये शांतिसेना उभी होती. त्या प्रदेशाचे नाव मी लिहीत नाही. तिथे एक मुलगी अजून अडकलेली आहे आणि हा कागद कोणाकोणाच्या हाती जाईल, सांगता येत नाही.

गेल्या शरदात सैन्य माघारी घेतले. शेवटच्या दिवशी सकाळीच सगळी तुकडी नदीच्या अलीकडे आली. दुपारी गौरांगची गाडी पुलावरून नदीत कोसळली. घरी आलेल्या अधिकाऱ्याने अपघात म्हणून सांगितले. मी विचारले, तुकडी अलीकडे आल्यावर हा पुलावर कशाला होता आणि गाडीचे तोंड कोणत्या दिशेला होते? ते म्हणाले, चौकशी चालू आहे, आणि चहा छान झाला आहे. चहाला त्यांनी हात लावला नव्हता. त्यांनी दिलेले पदक कपाटात आहे. माझ्यानंतर ते ज्याचे त्याला परत पाठवावे.

४. राहते घर देवश्रीच्या नावे करावे. मात्र गौरांगच्या खोलीत राहण्याचा तहहयात हक्क दानियाल याला आणि त्याची बहीण आली तर तिला राहील. हा हक्क ग्रुंडबुखमध्ये, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी नोंदीत, चढवला आहे. घर विकले तरी तो जात नाही.

याचे कारण सर्वांना कळावे म्हणून लिहिते.

गौरांगच्या दहाव्याला आम्ही पिंड बाल्कनीत ठेवला. पक्ष्यांना खाऊ घालायला इमारतीत मनाई आहे, म्हणून खालच्या मजल्यावरच्या श्री. ब्रांडल यांची परवानगी काढली होती. कावळा समोरच्या झाडावर बसून राहिला. हृषिकेशने गौरांगच्या नावाने बक्षीस ठेवायचे कबूल केले. देवश्रीने मला सांभाळायचे कबूल केले. कावळा हलेना. मग हृषिकेश आत गेला आणि फोनने गौरांगच्या खोलीची लांबी-रुंदी मोजू लागला. मी पाहिले. तो म्हणाला, "आल्झो आई, सहज." आल्झो म्हणजे जर्मनमध्ये 'तर'; अडचणीत सापडला की तो तिथून सुरुवात करतो.

तेवढ्यात एक अनोळखी तरुण दारात आला. तो दानियाल, तुकडीचा तिथला दुभाषा. सैन्य निघण्याआधी त्याला इकडे आणले होते. आम्ही कशाची वाट पाहतो आहोत, ते त्याने विचारले. मेलेल्याची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, असे मी सांगितले. तो बाल्कनीत गेला आणि जर्मनमध्ये म्हणाला, "गौरांग, तिला मी आणीन. तू आता मागे वळू नकोस."

कावळा आला. त्याच वेळी खालची कचऱ्याची गाडी निघून गेली होती, त्यामुळेही आला असेल.

सगळे गेल्यावर मी दानियालला स्वयंपाकघरात बसवले आणि अधिकाऱ्याला विचारले होते तेच विचारले.

"मागे होतं तोंड," तो म्हणाला. "आमच्या काठाकडे."

"कोणासाठी?"

"माझ्या बहिणीसाठी. इकडे आणायच्या लोकांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. ती मागे राहिली म्हणून मीच त्याला फोन केला होता."

देवश्री मला म्हणाली, "आई, याच्यामुळे दादा गेला, आणि दादाची खोली तू यालाच देतेस?" मी हो म्हटले. बहिणीला इकडे आणायचे तर कचेरीत राहण्याच्या जागेचा पुरावा मागतात. हे कलम तो पुरावा आहे.

५. माझ्या अस्थी इथल्याच दफनभूमीत गौरांगशेजारी ठेवाव्यात. नाशिकला पाठवण्याचा खटाटोप करू नये. टपालावर माझा विश्वास नाही.

६. दानियालवरही माझा पुरता विश्वास नाही. त्याच्या बहिणीला मी पाहिलेले नाही. तिचा फोटो मागितला, तेव्हा इकडे येताना जुना फोन नदीत गेला म्हणाला. फोन सगळ्यांचेच नदीत जातात. तरी खोलीत दुसरी खाट आणून ठेवली आहे. ती कोणी हलवू नये.

बहीण आली तर तिला पुलाबद्दल काही विचारू नये. तिने आपण होऊन सांगितले, तर देवश्रीने शेजारी बसून ऐकावे. मध्ये बोलू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला आणि खाली सही केली.

सुकन्या विष्णू खांबेटे

साक्षीदार:
१. लतिका परचुरे, मैत्रीण. हिने सर्व वाचले आहे.
२. योझेफ ब्रांडल, शेजारी. यांना मराठी येत नाही, म्हणूनच यांना निवडले.

न्युरेम्बर्ग, १४ मार्च २०२५