चरवी विसळलेलं पाणी

भंडारदरा, मंगळवार

प्रिय आई,
योहानचा तुला आणि पपांना सलाम.

मी बरा आहे. थंडी खूप आहे, पण तुझी गोधडी पुरते. हल्ली स्वयंपाक मीच करतो. पहिल्याच दिवशी हात भाजला, आता खपली धरलीय. पपांचा गुडघा कसा आहे? रविवारी त्यांना चर्चला कोण नेतं?

स्वयंपाक का करतो, ते सांगतो. मागच्या आठवड्यात डेअरीवर मी दूध तपासताना माझ्या घरमालकीण साळूबाईंच्या दुधात पाणी निघालं. "पानी न्हाई घातलं रं बाबा," त्या म्हणाल्या, "धारंची चरवी इसळून वतली. दूध वाया का घालवायचं?" मी सगळ्यांसमोर त्यांची किटली परत केली. त्या दिवसापासून त्यांच्याकडून ताट येत नाही. वाडीत कुणी चहालाही हाक मारत नाही.

कॉलेजात नीतिशास्त्राच्या पेपरात मी पहिला आलो होतो. हेतू चांगला असला की कृती चांगली ठरते का, यावर आठ पानं लिहिली होती. त्यात चरवी कुठंच नव्हती.

नियम बरोबर आहे, मीही चुकलो नाही, असं रोज भाकरी थापताना स्वतःला सांगतो. मग आठवतं, तूही चरवी विसळून ते पाणी किटलीत ओतायचीस.

आई, तुझी किटली कुणी अशी चारचौघांत परत केली असती, तर त्याला तू जेवायला वाढलं असतंस का?

फोनवर तू लगेच हो म्हणशील, म्हणून लिहून विचारतोय.

तुझा,
योहान